स्वातंत्र्य वितीने मोजता येत नाही

आधुनिक नृत्याचा इतिहास सांगण्याची एक ठरावीक रीत आता रूढ झाली आहे. युरोप-अमेरिकेतील नर्तकीने प्रथम कंबर आवळणारा कॉर्सेट फेकला, मग पायातील जोडे काढले, मग पायमोजे उतरविले. आणि अंगावरील वस्त्र जसजसे उणे होत गेले तसतशी स्त्री स्वतंत्र होत गेली, अशी ती एक शिडी आहे. शिडीच्या अगदी खालच्या पायरीवर साडी नेसलेली भारतीय नर्तकी उभी करावयाची आणि ती वर कधी चढणार, असा प्रश्न विचारावयाचा, ही या इतिहासलेखनाची पुढची पायरी.

ही कल्पना चर्चासत्रांच्या दालनांतच राहिली असती, तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्या वाटेने ती मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील भोकरसारख्या तालुक्याच्या गावीही कधीच येऊन पोहोचली आहे. शाळांच्या स्नेहसंमेलनांत आठ-नऊ वर्षांच्या मुली चित्रपटातील उत्तान गीतांवर, त्याच धाटणीचे कपडे घालून नाचतात. पालक कौतुकाने टाळ्या वाजवितात, भ्रमणध्वनीवर चित्रीकरण करतात. तीच मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली आणि 'मला नृत्य शिकायचे आहे' म्हणाली, की त्याच घरात तिला सांगितले जाते, 'आपल्या घराण्यात हे शोभत नाही.'

वरकरणी ही दोन परस्परविरोधी टोके आहेत. एक म्हणते, वस्त्र उणे तेवढे स्वातंत्र्य अधिक. दुसरे म्हणते, वस्त्र अधिक तेवढी संस्कृती अधिक. प्रत्यक्षात दोन्ही टोकांच्या हाती एकच फूटपट्टी आहे. दोघेही स्त्रीकडे न पाहता तिच्या वस्त्राकडे पाहतात. ही फूटपट्टीच खोटी आहे, हे आधुनिक नृत्याचा खरा इतिहास सांगतो.

इसाडोराचा झगडा कशासाठी होता?

इसाडोरा डंकन ही १८७७ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेली नर्तकी आधुनिक नृत्याची जननी मानली जाते. १८९९ मध्ये ती युरोपात गेली. ग्रीक शिल्पे आणि रंगविलेली ग्रीक भांडी पाहून तिने सैल अंगरखा स्वीकारला आणि ती अनवाणी नाचू लागली. तत्कालीन युरोपीय समाजाला हा आघात वाटला. त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. त्या काळातील प्रतिष्ठित पाश्चात्त्य स्त्री व्हेलच्या हाडाच्या किंवा पोलादाच्या पट्ट्या घातलेल्या आवळ चोळीत दिवसभर जखडलेली असे. श्वास पुरता घेता येत नसे, वाकता येत नसे. या वेशाविरुद्ध लंडनमध्ये १८८१ सालीच विवेकी वेशाचा पुरस्कार करणारी एक संस्था स्थापन झाली होती. इसाडोराने तोच प्रश्न रंगमंचावर नेला.

तिची मागणी न्याय्य होती, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. पाश्चात्त्य म्हणून तिची टवाळी करणे हा करंटेपणा ठरेल. परंतु ती मागणी नेमकी काय होती? कंबर मोकळी असावी, पाय मोकळे असावेत, पावलाला भूमीचा स्पर्श व्हावा आणि श्वास पूर्ण घेता यावा. शरीराला गती हवी होती. ते उघडे पडणे हा त्या मागणीचा हेतू नव्हता. नंतरच्या बाजाराने मात्र गतीचा भाग सोडून दिला आणि उघडेपणा तेवढा उचलला.

मराठी वाचकाला इसाडोरा भेटली ती एका कथक नर्तकीच्या हातून. पुण्यात १९४७ साली 'नृत्यभारती'ची स्थापना करणाऱ्या पं. रोहिणी भाटे यांनी इसाडोराच्या आत्मचरित्राचा 'मी इसाडोरा' हा मराठी अनुवाद केला. मध्यमवर्गीय घरातील मुलीने नृत्य शिकणे हेच जेव्हा धाडस समजले जात होते, त्या काळात रोहिणीताई या मार्गावर आल्या. २००८ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी शिष्यांच्या पिढ्या घडविल्या. इसाडोराचे मन त्यांनी मराठीत आणले; तिचा ग्रीक अंगरखा पुण्यात आणण्याची त्यांना गरज वाटली नाही. बाहेरच्या विचारातील सत्त्व घ्यावे आणि स्वतःच्या भूमीवर उभे राहून ते पचवावे, याला स्वत्व म्हणतात. शिडीवाल्या इतिहासकारांना रोहिणीताईंची जागा कोणत्या पायरीवर दाखविता येईल?

आमची राधा, त्यांचा परवाना

आता दुसरे उदाहरण पाहू. अमेरिकेतील रूथ सेंट डेनिस या नर्तकीला १९०४ साली सिगारेटच्या एका जाहिरातीवरील इजिप्शियन देवतेच्या चित्राने भुरळ घातली. त्या कल्पनेतून १९०६ साली न्यूयॉर्कच्या रंगमंचावर तिचे नृत्य अवतरले. त्याचे नाव होते 'राधा'. संगीत होते देलिब या फ्रेंच संगीतकाराच्या 'लाक्मे' या संगीतिकेतील. वेश होता जडजवाहिरांची आखूड चोळी, उघडे पोट आणि सोनेरी काठाचा झगा. विषय होता पंचेंद्रियांच्या सुखाचा. वृंदावनातील राधेशी या सर्वाचा काडीचाही संबंध नव्हता. तोवर या नर्तकीने भारतभूमीवर पाऊलही ठेवले नव्हते. आपल्या मंडळीसह ती भारतात आली १९२५-२६ च्या दौऱ्यात.

रूथ ही कलावंत म्हणून सामान्य नव्हती आणि भारतीय अध्यात्माविषयीची तिची ओढही खोटी नव्हती. प्रश्न तिच्या हेतूचा नाही, तिच्या प्रेक्षकांचा आहे. गोऱ्या स्त्रीने गोरी स्त्री म्हणून तो वेश घातला असता, तर ज्या सभ्य समाजाने नाके मुरडली असती, त्याच समाजाने 'हे तर पौर्वात्य आहे, धार्मिक आहे' असे म्हणत तो डोळे भरून पाहिला. आमची राधा हा त्यांच्या उघडेपणाचा परवाना ठरली. भक्तीचे जे परमोच्च प्रतीक भारतीय मनाने शतकानुशतके जपले, ते तिकीटविक्रीचे साधन बनले. आणि आजही नृत्याच्या इतिहासात या प्रयोगाची नोंद स्त्रीमुक्तीचा एक टप्पा म्हणून केली जाते!

त्याच सुमारास भारतात काय घडत होते, ते या चित्राशेजारी ठेवून पाहावे. १८९२-९३ पासून मद्रासेत नाचविरोधी चळवळ सुरू झाली होती. ख्रिस्ती मिशनरी आणि इंग्रजी शिक्षण घेतलेले सुधारक तिच्या अग्रभागी होते. ज्या नर्तकींना अनीतिमान ठरविण्यात येत होते, त्या नखशिखांत वस्त्रालंकारांत नाचणाऱ्या होत्या. म्हणजे, अंगभर साडी नेसून पदम् सादर करणारी भारतीय स्त्री अश्लील आणि तिच्या नावावर उघड्या पोटाने नाचणारी अमेरिकन स्त्री कलावंत! देवतेच्या नावाने मुलींचे होणारे शोषण थांबणे अत्यावश्यकच होते, आणि मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला हे योग्यच झाले. परंतु शोषणाबरोबर कलेलाही कलंक लावण्याची जी व्हिक्टोरियन वृत्ती या देशात रुजविली गेली, ती आपली नव्हे. 'घराण्यात शोभत नाही' असे सांगणाऱ्या गृहस्थाला तो आपल्या संस्कृतीचे रक्षण करीत आहे असे वाटते. वास्तविक तो राणीच्या राज्यातील पाद्र्याची भाषा बोलत असतो.

कासोट्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा

इसाडोराने जे मिळविण्यासाठी युरोपशी झुंज दिली, ते वस्त्रापुरते बोलावयाचे तर मराठी स्त्रीकडे पूर्वापार होते. कासोटा घातलेल्या नऊवारीत कंबर आवळलेली नसते, दोन्ही पाय स्वतंत्रपणे हलतात, वाकता येते, बसता येते, धावता येते. मराठवाड्याच्या काळ्या रानात कापूस वेचणारी, ज्वारीची काढणी करणारी बाई याच वस्त्रात दिवसभर राबत आली. लावणीची ठेका धरणारी पावले आणि तिची गिरकी याच कासोट्यावर उभी आहे. दक्षिणेत तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात मराठी भाषेतील नृत्यरचना झाल्या, सरफोजी राजांनी मराठीत निरूपणे रचली. आचार्य पार्वतीकुमार आणि डॉ. सुचेता भिडे-चापेकर यांनी हे धन पुन्हा रंगमंचावर आणले. नृत्य आणि मराठी माणूस यांचे नाते जुने व प्रतिष्ठेचे आहे.

परंतु येथे एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. वस्त्र मोकळे होते म्हणून येथील स्त्री मोकळी होती, असा दावा करणे हे आत्मवंचन होईल. ज्या काळात तिच्या पायांना नऊवारीची मोकळीक होती, त्याच काळात बालविवाह होते, केशवपन होते, शिक्षणाची दारे बंद होती. उलटपक्षी, युरोपातील स्त्री पोलादी चोळीत जखडलेली असतानाच शाळा-महाविद्यालयांत शिकत होती, पुस्तके लिहीत होती, मतदानाच्या हक्कासाठी सभा घेत होती. तिकडे वस्त्र बंदिस्त आणि हक्काचा मार्ग खुला होत चाललेला. इकडे वस्त्र मोकळे आणि मार्ग बंद. वस्त्राचे खाते आणि स्वातंत्र्याचे खाते ही दोन वेगळी खाती आहेत. एकाची शिल्लक दुसऱ्यात दाखविणारा, तो डावा असो की उजवा, हिशेबात लबाडी करतो.

१९३६ हे वर्ष

मग स्वातंत्र्याचे खाते कोठे पाहावयाचे? त्यासाठी १९३६ हे वर्ष आठवावे. त्या वर्षी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मद्रासजवळ अड्यार येथे कलाक्षेत्राची स्थापना केली. आदल्याच वर्षी त्यांनी स्वतः रंगमंचावर येऊन प्रतिष्ठित घरातील स्त्रीही नृत्य करू शकते हे दाखवून दिले होते. त्याच १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिम्पिकच्या निमित्ताने झालेल्या आंतरराष्ट्रीय नृत्यमहोत्सवात मादाम मेनका यांच्या भारतीय नृत्यपथकाचा गौरव झाला. आणि त्याच वर्षी विजयादशमीला वर्ध्यात वंदनीय मावशी, म्हणजेच लक्ष्मीबाई केळकर यांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना करून मुली आणि गृहिणींना मैदानावर उतरविले. स्त्रीने चारचौघांत व्यायाम करावा, ही गोष्टही त्या काळी सहजी पचणारी नव्हती.

या तिघींची क्षेत्रे वेगळी होती. परंतु 'किती झाकायचे आणि किती उघडायचे' हा प्रश्न तिघींपैकी कोणीही आपल्या कार्याच्या केंद्रस्थानी ठेवला नाही. स्त्रीचे शरीर समर्थ व्हावे, ते कोणा दुसऱ्याच्या नव्हे तर स्वतःच्या ध्येयाच्या सेवेत असावे, आणि त्यासाठी तिची स्वतःची संस्था असावी, हा त्यांचा मार्ग होता.

मेनका यांनी १९३८ साली खंडाळ्यात 'नृत्यालयम्' उभारले. त्यांच्याच घरी आणि पथकात एक मराठी मुलगी घडली: दमयंती जोशी. बालवयातच तिने या पथकाबरोबर युरोपचे रंगमंच पाहिले. पुढे कथकमधील अग्रगण्य नर्तकी म्हणून त्यांचे नाव झाले. १९७० साली त्यांना पद्मश्री मिळाली, २००४ साली त्यांचे निधन झाले. कथकसाठी दरबारी अंगरखा-चुडीदार किंवा लेहंगा-ओढणी हा वेश रूढ असताना रंगमंचावर साडी नेसून कथक सादर करणाऱ्या पहिल्या नर्तकींत त्यांचे नाव घेतले जाते. युरोप पाहिलेल्या, पथकातील आघाडीच्या नर्तकीने साडी निवडली! वस्त्र घटत जाते तसे स्वातंत्र्य वाढते, या सिद्धांताने याचे उत्तर द्यावे. दमयंतीबाईंना कोणी फर्मान काढले नव्हते, कोणत्याही सेनेने निवेदन दिले नव्हते. वेश त्यांनी स्वतः ठरविला, हे त्यांचे स्वातंत्र्य. त्यांना साडी हवीशी वाटली, हे त्यांचे स्वत्व. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हेच सांगण्याचा मुद्दा आहे.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात वेशभूषेला आहार्य अभिनय म्हटले आहे. आंगिक, वाचिक, सात्त्विक यांच्या बरोबरीने वस्त्रही अभिनयच करते. त्यामुळे भारतीय दृष्टीने वस्त्राला विचारावयाचा प्रश्न एकच: ते रसाला साहाय्य करते की प्रेक्षकाच्या वासनेला? शृंगार हा नवरसांपैकी एक आहे. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. लाज वाटावी ती रस नाहीसा होऊन केवळ माल उरतो तेव्हा.

मर्यादा कोणी पाळायची?

यावर आक्षेप घेतला जाईल की, नर्तकीने स्वेच्छेने काही घातले तर इतरांनी का बोलावे? आक्षेप वजनदार आहे. परंतु स्वेच्छा कोणती म्हणावी? नकार देऊनही जिची चूल पेटते, तिच्या होकाराला स्वेच्छा म्हणतात. ठेकेदार सांगेल तसे नाचले नाही तर उद्याची सुपारी जाते, अशा स्थितीतील होकार ही स्वेच्छा नव्हे, नाइलाज आहे. आणि मग प्रश्न वस्त्राचा न राहता रंगमंच कोणाच्या मालकीचा, हा होतो.

शासनाचा अनुभवही बोलका आहे. २००५ साली महाराष्ट्रात डान्सबारवर बंदी आली, पण तीन तारांकित आणि त्यावरील हॉटेलांना तीतून सूट होती. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम ठेवला. २०१६ साली नवा कायदा झाला आणि २०१९ मध्ये त्यातील अनेक अटी न्यायालयाने शिथिल केल्या. गरिबाच्या बारमध्ये जे अश्लील, ते श्रीमंताच्या हॉटेलात मनोरंजन, अशा पायावर उभी राहिलेली नीती न्यायालयात टिकावी तरी कशी? आणि ज्यांचे काम गेले त्या स्त्रियांच्या पुनर्वसनाची तळमळ किती नीतिरक्षकांनी दाखविली?

नांदेड जिल्ह्यातच लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. मार्गशीर्षात भरणाऱ्या या यात्रेत घोडे, उंट, गाढवे यांच्या बाजाराबरोबर लावणी महोत्सवही होतो. भोकर, हदगाव, कंधार, अहमदपूरकडची माणसे तेथे लोटतात. रंगमंचावरील कलावतीने नऊवारी नेसलेली असते, पदर खोचलेला असतो. वस्त्रात बोट ठेवण्यास जागा नसते. तरी प्रेक्षकांतून शिट्ट्या येतातच. दोष वस्त्रात असता, तर नऊ वार कापडाने शिट्ट्या थांबल्या असत्या. दोष कोठे आहे हे सांगावयास फार मोठ्या पंडिताची आवश्यकता नाही.

आपल्या परंपरेने प्रभू रामचंद्रांना मर्यादापुरुषोत्तम म्हटले. मर्यादेचे हे सर्वोच्च विशेषण परंपरेने पुरुषाला लावले आहे, याचा विसर पडता कामा नये. मर्यादेचे ओझे मुलीच्या ओढणीवर टाकून मुलाला मोकळे सोडणारे घर रामाचे नाव घेण्यास पात्र आहे काय?

लावणीसम्राज्ञी यमुनाबाई वाईकर यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्या गेल्या. बैठकीत बसून केवळ मुद्रेने आणि हाताच्या अदेने अर्थ उभा करणारी त्यांची कला पाहताना वस्त्राचा विचारही कोणाच्या मनात येत नसे. विठाबाई नारायणगावकरांनी स्वतःच्या नावाने तमाशाचा फड चालविला, कुटुंबे पोसली. राष्ट्रपतींकडून सन्मान झाला. फडाची मालकी स्त्रीकडे असणे, हे स्वातंत्र्य कोणत्याही वेशापेक्षा मोठे होते. २००२ साली त्या गेल्या तेव्हा अखेरच्या काळातील आर्थिक ओढाताण सर्व महाराष्ट्राने वाचली होती. त्यांच्या नावे शासनाने पुरस्कार सुरू केला तो मृत्यूनंतर. रात्री जिच्या कलेवर फेटे उडवायचे, सकाळी तिलाच वस्तीत खोली नाकारायची आणि तिच्या लेकरांना शाळेत जातीवरून हिणवायचे, ही रीत हिंदू समाजाला भूषणावह नाही. समरसतेचा उच्चार सभेत सोपा असतो; त्याची परीक्षा अशा उंबरठ्यावर होते.

करावयाचे काय?

फूटपट्टी टाकून दिल्यावर हाती काम उरते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ नृत्याच्या परीक्षा घेते. शास्त्रीय कला आणि लोककला यांत प्रावीण्य मिळविणाऱ्या दहावीच्या विद्यार्थ्यांना वाढीव गुण देण्याचा निर्णय शासनाने २०१७ साली केला. परंतु ज्या गावी गुरूच नाही, तेथील मुलीला या गुणांचा काय उपयोग? पुण्या-मुंबईच्या मुलीला ते सहज मिळतात. तालुक्याच्या गावातील मुलीच्या वाट्याला चित्रपटगीत आणि भाड्याचा चमचमता पोशाख तेवढा येतो. १९८१ पासून कलाक्षेत्रात कार्य करणाऱ्या संस्कार भारतीसारख्या संस्थांनी, शिक्षणसंस्थांच्या संचालकांनी आणि प्रत्येक कार्यकर्त्याने येथे लक्ष घालावे. आठवड्यातून दोन दिवस नांदेडहून शिक्षिका येऊ शकते. शाळेचे सभागृह सायंकाळी रिकामे असते. लावणीतील ज्येष्ठ कलावतीला गुरू म्हणून सन्मानाने बोलावता येते. खर्च स्नेहसंमेलनाच्या विद्युत रोषणाईपेक्षा अधिक होणार नाही.

आणि त्या सभागृहात उभ्या राहणाऱ्या मुलीने साडी नेसावी, सलवार-कुडता घालावा की आणखी काही, हे तिचा गुरू, तिची कला आणि ती स्वतः ठरवील. घराने तिला एवढेच द्यावे: शिकण्याची संमती, परतीच्या वाटेवर निर्भयता आणि नाही म्हणण्याचे बळ. ज्या समाजाच्या मुली एवढे घेऊन उभ्या राहतात, त्या समाजाला आपली संस्कृती कापडाने झाकून ठेवावी लागत नाही.